पट्टीखालची आई

आमच्या घरी कलर टीव्ही आला त्या दिवशी आम्ही तीन सिनेमे पाहिले, आणि तिन्ही काळेपांढरे होते. हा निर्णय बाबांचा. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा तर कलरच आणायचा, उगाच शेजारपाजारी शोभा नको, हे बाबांचं म्हणणं. आणि सिनेमे आणायचे तर जुनेच आणायचे, नव्यांत नुसती ढिशूम-ढिशूम असते, हेही बाबांचंच म्हणणं. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलताना त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. आजी मात्र दिवसभर विचारत राहिली, "रे, कलर खय आसा?"

"कलर टीव्हीत आसा, आये. पिच्चरात नाय," बाबा सांगायचे, आणि आजी पुन्हा डोळे बारीक करून कलर शोधायला लागायची.

ऐंशीनंतरची ती वर्षं. घाटकोपरला डोंगराच्या अंगाला आमची चाळ होती. मिल बंद पडल्यावर बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात लागले होते आणि हळूहळू पुन्हा हसायला लागले होते. गल्लीगल्लीत व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या होत्या. तिथून एका दिवसासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी आणता यायच्या. लोक बारशाला आणायचे, गणपतीत आणायचे. आमच्याकडे ते सगळं आलं ते आईमुळे.

त्यासाठी आईच्या सिनेमाबद्दल सांगायला हवं.

लग्नाआधी आई गोरेगावात राहायची, स्टुडिओच्या मागच्या वस्तीत. शेजारची एक मावशी स्टुडिओत कपडे शिवायला जायची. एका मराठी सिनेमात लग्नाचा प्रसंग होता आणि साडी नेसलेल्या मुली कमी पडत होत्या, म्हणून ती मावशी आईला हाताला धरून घेऊन गेली. आई बुटकी, म्हणून तिला सगळ्यांत पुढे बसवलं. दुपारपर्यंत शूटिंग झालं, मग वडापाव मिळाला आणि आई घरी आली. घरी आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी जो आरडाओरडा केला, त्यात तो सिनेमा बघायला जायचा विषयच मिटला. सिनेमा लागला, जेमतेम एक आठवडा चालला आणि गेला. मग आईचं लग्न झालं. तो सिनेमा पुन्हा कधी कुठे लागला नाही.

म्हणजे आई सिनेमात होती, पण स्वतः आईनेच तो सिनेमा पाहिला नव्हता. बाबांना यात नुसती मेजवानी मिळाली होती. जेवताना आमटीत मीठ कमी पडलं की बाबा म्हणायचे, "नटीक कसला मीठ घालूक सांगतास?" आई रॉकेलच्या रांगेतून उशिरा आली की, "शूटिंग लांबला वाटता." पाहुणे आले की ओळख करून देताना, "ही आमची नटी. पिच्चर कोणी बघूक नाय, पण आसा." आई हसायची. कधी फणकारायची. पण कधीकधी नुसतीच उठून मोरीत भांडी घासायला जायची, आणि मग भांडी जरा जास्तच वाजायची.

माझा काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. नवाकोरा बॅचलर, पगाराच्या दिवशी लायब्ररीत पडीक. एका शनिवारी तो धावत वर आला आणि दारातूनच ओरडला, "वैनी, तुमचो पिच्चर गावलो!"

आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि काकाला सिनेमाचं नाव पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्यात मी नसलेच तर? कापलं असलं तर?"

"तर मी गप बसतंय. आयुष्यभर," बाबा म्हणाले. ते कोणालाच खरं वाटलं नाही.

रात्री झोपताना मी आईला विचारलं, "तू कशी दिसायचीस तेव्हा?" आई म्हणाली, "काय माहीत गं. माहेरी फोटो कोण काढायचं आमचे? माझा पहिला फोटो लग्नातलाच." तिने ते सहज सांगितलं, पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की उद्या आईला नुसतं बाबांचं तोंड बंद करायचं नाहीये. तिला ती मुलगी बघायची आहे.

रविवारी सकाळी लायब्ररीवाला टीव्ही घेऊन आला, वायरी जोडल्या, "बटणं जास्त दाबू नका" म्हणाला आणि गेला. तो जिना उतरेपर्यंत काकाने सगळी बटणं दाबून पाहिली होती.

आता कोकणातल्या माणसाच्या घरात नवीन वस्तू आली की तिच्यापुढे नारळ फोडायचा. मग ती वस्तू एका दिवसाची का असेना. आजीने व्हीसीआरला हळदकुंकू लावलं, टीव्हीवर जास्वंद ठेवलं आणि काकाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. काकाने डोक्यावर टॉवेल घेतला, हात जोडले आणि सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा! आज ही जी पेटी आमच्या घराक इली आसा, ती तुझी म्हणान मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"लाईट जाणारी आसात, टेप अडाकणारी आसात, तर ती इडापिडा पलीकडच्या चाळीत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि वैनीन जा काय सांगलेला आसा, ता खरा करून दाखव रे म्हाराजा!"

आजी ओरडली, मी ओरडले, दारात जमलेली निम्मी चाळ ओरडली. बाबा तेवढे मिशीतल्या मिशीत हसत राहिले. आजीने त्यांच्या पाठीत एक धपका घातला तेव्हा त्यांनी "व्हय, व्हय म्हाराजा" म्हटलं.

पहिला सिनेमा आजीसाठी आणलेला, देवादिकांचा. शेजारच्या बायका चपला बाहेर काढून आत आल्या, त्या नेहमीच काढत, पण आज त्यांनी पदरही डोक्यावर घेतले. देव प्रकट झाले की आजी खाली वाकून नमस्कार करायची आणि तेवढ्यात देव अंतर्धान पावायचे. वर बघून ती म्हणायची, "गेलो? इतक्यात?" मग काका टेप मागे घ्यायचा, देव पुन्हा प्रकट व्हायचे, आजी पुन्हा वाकायची. देवाला त्या सकाळी फार खेपा पडल्या.

दुसरा सिनेमा हिंदी होता, काकाच्या आवडीचा. त्यात नायकाचा भाऊ दारुडा असतो. काकाला त्याचे सगळे संवाद पाठ होते आणि तो ते नटाच्या आधी म्हणायचा, त्यामुळे नट त्याची नक्कल करतोय असं वाटायचं. रिवाइंडचं बटण दाबल्यावर चित्रही दिसतं हा शोध आम्हाला इथेच लागला. दारुडा ग्लास तोंडाला लावायचा आणि तोंडातली दारू ग्लासात परत यायची, ग्लासातली बाटलीत जायची, मग तो बूच लावून उलट्या पावलांनी घराबाहेर निघून जायचा. आजीने टाळी वाजवली. "सुदारलो मेलो!" ती म्हणाली. आम्ही हसून हसून आडवे झालो. माझं पोट दुखायला लागलं, काका खाटेवरून खाली आला, दारातल्या एका आजोबांना उचकी लागली ती थांबेना. तो माणूस आम्ही पुन्हापुन्हा सुधारला.

आई या सगळ्यात होती आणि नव्हती. तिने सणाची साडी नेसली होती, केसांत गजरा माळला होता. मध्येच हसायची, मध्येच उठून तिसरी कॅसेट जागेवर आहे ना ते बघून यायची. दुपारी वडे आणि मटणाचं जेवण झालं, पण ती धड जेवली नाही. बाबांनी "नटी डायटिंगवर आसा" म्हटलं, तरी तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मग तिसरी कॅसेट लागली.

नावं सुरू झाली आणि त्याबरोबरच पडद्याच्या खालच्या बाजूला ती पट्टी सुरू झाली. ज्यांनी त्या काळी व्हिडिओ पाहिला त्यांना ही पट्टी आठवत असेल. चित्राच्या खाली एक काळी जाड रेघ, आणि तिच्यावरून सरकत जाणाऱ्या दुकानांच्या जाहिराती. आधीच्या दोन सिनेमांत ती मध्येच यायची आणि जायची. या कॅसेटवाल्याला बहुतेक जाहिराती भरपूर मिळाल्या होत्या. पट्टी हलेचना. "आमचे येथे सर्व प्रकारच्या साड्या, ब्लाउजपीस, परकर योग्य दरात मिळतील" हे वाक्य उजवीकडून येऊन डावीकडे जायचं आणि पुन्हा उजवीकडून यायचं. पण आमचं लक्ष त्यावर नव्हतं. आम्ही लग्नाची वाट बघत होतो.

सिनेमा कसा होता हे विचारू नका. नायक गरीब होता, नायिका श्रीमंत होती, कुत्रा प्रामाणिक होता. लग्न यायला मध्यंतर उलटून गेलं. सनई वाजली तशी आई गुडघ्यांवर सरकत टीव्हीच्या पुढे जाऊन बसली. नवरानवरी बोहल्यावर उभे राहिले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. आईने बोट पुढे केलं.

"हे बघ, ही खांबाजवळची मावशी. हिनेच मला नेलेलं, मग हिलाही उभं केलं. तिच्या पुढे, खाली, ओळीने बसलेल्या आम्ही. पहिलीच मी."

तिचं बोट मावशीवरून खाली आलं आणि पट्टीवर थांबलं. जिथे पुढची ओळ बसली होती, तिथून ब्लाउजपीस आणि परकर चालले होते.

मग सगळे एकदम बोलले. काकाने टेप मागे घेतली. पुन्हा मंगलाष्टकं, पुन्हा मावशी, पुन्हा परकर. आजी म्हणाली, "ती पट्टी जरा वर कर रे." शेजारची एक काकू म्हणाली, "वर नको, खाली ओढा." काकाने काय करावं? तो सरळ जमिनीवर आडवा झाला, गाल फरशीला टेकवला आणि खालून वर बघायला लागला. पट्टीच्या आत डोकावता येईल असं त्याला खरंच वाटलं होतं. त्याला बघून मी आडवी झाले. मग उचकीवाले आजोबा वाकले. मग आजीसुद्धा खाटेवरून मान तिरकी करून बघायला लागली. भाड्याच्या टीव्हीसमोर अख्खं घर एका कानावर आडवं झालं होतं, आणि कोणालाच काही दिसत नव्हतं.

"माका थोडासा दिसता," काका फरशीवरून म्हणाला.

"काय दिसता?"

"टीव्हीचो पाय."

पुन्हा हशा झाला. आईही हसली, पण तिचं हसू मध्येच तुटलं. काका तसाच चप्पल घालून लायब्ररीकडे धावला. तो परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. ती पट्टी कॅसेटमध्येच छापलेली असते म्हणे, आणि या सिनेमाच्या जेवढ्या म्हणून कॅसेटी बाजारात आहेत, तेवढ्या सगळ्यांवर ती आहे.

"राहू दे," आई म्हणाली. "चहा टाकते सगळ्यांना." आणि ती उठून पडद्यामागे स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, पण स्टोव्ह पेटल्याचा काही आला नाही.

मला पट्टीचा असा राग आला की तो साड्यांचा दुकानदार समोर असता तर मी त्याला चावले असते. बाबांकडे पाहिलं. आता नटीवरून काहीतरी बोलतील आणि मग मी त्यांनाही चावेन, अशी माझी तयारी होती. पण बाबा टीव्हीसमोर आईच्या जागेवर उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतः टेप मागे घेतली. अख्ख्या दिवसात त्यांनी पहिल्यांदाच बटण दाबलं होतं. पुन्हा सनई, पुन्हा मंगलाष्टकं. "शुभमंगल सावधान" झालं, पट्टीच्या वर हात आले, अक्षता पडल्या. बाबांनी पुन्हा मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. मग ते एवढ्या जोरात ओरडले की आजीच्या हातातली सुपारी उडाली.

"ही बघा! ही बघा! हीच ती!"

सगळे धावले. बाबांनी टेप मागे घेतली आणि पडद्याला जवळजवळ नाक लावलं. "तिच्याकडे बघू नकात. ती दिसत नाय. नवऱ्याकडे बघा!"

आम्ही नवऱ्याकडे पाहिलं. "सावधान" म्हटल्याबरोबर पट्टीच्या वर मुलींचे हात आले, नाजूक, जेमतेम मनगटापर्यंत, आणि अक्षता भुरभुरल्या. पण अगदी पुढचा एक हात कोपरापर्यंत वर आला, मागे गेला आणि कैरी पाडायला दगड मारावा तसा सणसणत पुढे आला. बांगड्या कोपराकडे घसरल्या. आणि बोहल्यावरचा तो देखणा नायक, इतका वेळ लाजून हसणारा, एकदम "स्स" केल्यासारखा झाला. त्याचा डावा डोळा मिटला. तसाच मिटल्या डोळ्याने तो हसत राहिला. दिग्दर्शकाने हे कसं ठेवलं देव जाणे. कुत्र्यावरच सगळे पैसे संपले असावेत.

"हो फटको मी खाल्लेलो आसा!" बाबा ओरडत होते. "लग्नात! दुनियेत ही एकच बाई अशी अक्षता मारता!"

यावर मात्र चाळीतल्या कोणाला पुरावा लागला नाही. नात्यातल्या नाहीतर चाळीतल्या लग्नात आई मागे उभी असली की पुढचे लोक मानेवर पदर नाहीतर रुमाल घ्यायचे. आणि अंतरपाट दूर झाल्यावर नवरानवरीने एकमेकांच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या असतात. टाकायच्या म्हणजे अलगद सोडायच्या. आईने मारल्या होत्या. आमच्या भिंतीवर जो लग्नाचा फोटो होता त्यात बाबांचा डावा डोळा मिटलेला होता. मला इतकी वर्षं वाटायचं की ते फोटोग्राफरला डोळा मारतायत.

"कुठे? कुठे आहे?" आई पडद्यामागून आली. तिच्या हातात गाळणं होतं. बाबांनी तिला खांदा धरून खाली बसवलं, टेप मागे घेतली, आणि हात वर आला त्या क्षणी बटण दाबून थांबवली. चित्र थरथरत उभं राहिलं. एक हात होता, गोल, भरलेला, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा. काळ्यापांढऱ्यात त्या हिरव्या दिसत नव्हत्या, पण आई म्हणाली हिरव्या होत्या, म्हणजे होत्या. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचा हात पुढे करून पाहिला, मग पुन्हा पडद्यावरचा. "बघ गं," ती मला म्हणाली, "किती छान हात होता माझा." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती हसतही होती. मीही रडले आणि हसले. मला इतका आनंद झाला होता की काय करावं कळेना, म्हणून मी काकाला दोन गुद्दे मारले.

काकाने टेप पुढे जाऊ दिली. नायकाने "स्स" केलं. आईचा हात तोंडावर गेला.

"अगो बाई! त्याला लागलं असेल का हो?"

"माका लागला तेव्हा नाय ता इचारलंस!" बाबा म्हणाले.

"तेव्हा सगळे होते. कशी विचारणार?" आई म्हणाली. "आता विचारते. लागलं होतं का हो?"

"मायझया, दोन दिवस डोळो उघडूक नाय!" बाबा म्हणाले. खोली पुन्हा हसली. ती हसून झाल्यावर बाबांनी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आणि तुका? मी इतकी वर्सां नटी नटी करी होतंय, ता लागला काय गो?"

आईने पदराने नाक पुसलं. "लागायचं तर काय," ती म्हणाली. "रोज लागायचं."

बाबांनी थोडं सरकून तिला जागा करून दिली.

आई त्यांच्याजवळ ऐसपैस मांडी घालून बसली, गाळणं मांडीवर ठेवलं आणि टीव्हीकडे हनुवटी करून म्हणाली, "लावा परत."